शार्लोटेची ७६९ चित्रं

एक कागद डोळ्यांसमोर आणा. लांबी ३२.५ सेंटिमीटर, रुंदी २५. शाळेतल्या चित्रकलेच्या वहीच्या पानाएवढाच म्हणा. कागदावर गडद निळी रात्र आहे. एक तरुण मुलगी घर सोडून रस्त्यानं चालली आहे. तीच मुलगी त्याच चित्रात थोडी पुढे पुन्हा आहे, आणखी पुढे पुन्हा आहे, आणि तिच्या पावलांबरोबर आपली नजर चालत राहते. या चित्रावर एक ट्रेसिंग पेपर आहे. त्यावर ब्रशनं लिहिलेला मजकूर सांगतो, की १९१३ सालच्या नोव्हेंबरातल्या एका दिवशी या मुलीनं आईवडिलांचं घर सोडलं आणि पाण्यात जीव दिला. मजकूर वाचताना खालची मुलगी धुक्यातून दिसावी तशी दिसते. ट्रेसिंग पेपर उचलला की अक्षरं जातात आणि ते निळं चालणं तेवढं उरतं.

हे चित्र काढणारी मुलगी त्या वेळी तेवीस-चोवीस वर्षांची होती. तिचं नाव शार्लोटे सालोमोन. चित्रातली मुलगी तिची मावशी, तिचंही नाव शार्लोटे. मावशी गेल्यानंतर साधारण साडेतीन वर्षांनी ही भाची जन्मली आणि मावशीचंच नाव तिला ठेवलं गेलं. पण मावशी कशी गेली हे तिला सांगितलं नाही. आई कशी गेली हेही सांगितलं नाही. ते कळायला तिला वयाची जवळजवळ तेवीस वर्षं लागली, आणि कळल्यावर पुढच्या दोनेक वर्षांत तिनं तेराशेहून अधिक चित्रं काढली. त्यांतली ७६९ निवडून, क्रमांक घालून, तिनं त्यांचा एक अखंड ग्रंथ केला. त्याचं नाव ‘लेबेन? ओडर थेआटर?’, म्हणजे ‘आयुष्य? की नाटक?’. दोन्ही शब्दांपुढे प्रश्नचिन्ह तिचंच आहे.

तरुण माणसाच्या मनातला दडवलेला ताण चित्रात कसा उतरतो, याबद्दल आज पुष्कळ बोललं जातं. मिश्र माध्यमांत काम करणारे विद्यार्थी मानवाकृतीवर कागद चिकटवतात, मजकूर लिहितात, छायाचित्रं जोडतात. त्या सगळ्या कामाची थोरली बहीण शोधायची झाली तर मी शार्लोटेचं नाव घेईन. रंग, अक्षर, पारदर्शक कागद आणि संगीत या चार गोष्टी एकत्र आणून एका घरानं तीन पिढ्या गिळून ठेवलेली गोष्ट तिनं मोकळी केली. जगाच्या कलेत या कामाला जोड सापडणं कठीण आहे, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो आहे.

शार्लोटेचा जन्म १६ एप्रिल १९१७ चा, बर्लिनचा. शार्लोटेनबुर्ग भागातल्या वीलांडस्ट्रासे १५ या इमारतीत सालोमोन कुटुंबाचं प्रशस्त घर होतं. वडील आल्बेर्ट सालोमोन शल्यचिकित्सक. त्यांची एक नोंद वैद्यकाच्या इतिहासात कायमची आहे. शस्त्रक्रियेनं काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे क्ष-किरणांखाली फोटो काढून त्यांनी कर्करोगाच्या खुणांचा अभ्यास केला आणि तो १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. आजच्या मॅमोग्राफीची सुरुवात तिथून धरतात. देहाच्या आतलं, डोळ्यांना न दिसणारं, प्रकाशापुढे धरून वाचणारा हा माणूस होता. त्याच वर्षी त्यांच्या होणाऱ्या बायकोच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे त्या पहिल्या शार्लोटेनं, जीव दिला होता.

आई फ्रान्त्सिस्का पहिल्या महायुद्धात परिचारिका होती. लग्न युद्धातच झालं. तिला खोल उदासीनतेचे झटके येत. लहानग्या शार्लोटेला अंथरुणात जवळ घेऊन ती स्वर्गाच्या गोष्टी सांगायची: तिथे सगळं किती सुंदर असतं, मी देवदूत झाले की तुझ्यासाठी तिथलं वर्णन लिहिलेलं पत्र आणून खिडकीच्या कठड्यावर ठेवीन. १९२६ मध्ये फ्रान्त्सिस्कानं आयुष्य संपवलं, आपल्या आईवडिलांच्या घरी, खिडकीतूनच. शार्लोटे आठ वर्षांची होती. आई इन्फ्लुएन्झानं गेली असं तिला सांगण्यात आलं. मुलगी पत्राची वाट बघत राहिली. ही वाट बघणंही पुढे तिनं चित्रात आणलं. तिच्या सबंध कामात खिडक्या इतक्या का आहेत, हे या एका गोष्टीवरून समजतं.

ज्या घरात मोठ्यांना सगळं ठाऊक असतं आणि लहानांना काहीच सांगितलेलं नसतं, तिथे मुलं काय शिकतात? ती गप्प बसायला शिकतात. शार्लोटे अबोल झाली. तिला ओळखणाऱ्या बहुतेकांनी तिचं वर्णन असंच करून ठेवलं आहे: शांत, मागे मागे राहणारी, चटकन लक्षात न येणारी.

१९३० मध्ये वडिलांनी पाउला लिंडबेर्ग या गायिकेशी लग्न केलं. पाउला बाखच्या धार्मिक रचनांसाठी आणि ऑपेरासाठी नावाजलेली, घरात सुरांचा आणि माणसांचा राबता. शार्लोटेनं या सावत्र आईवर जीव टाकला. पण तीन वर्षांतच, जानेवारी १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला. वडिलांचं विद्यापीठातलं काम गेलं, पाउलाला ज्यू म्हणून सार्वजनिक मंच बंद झाले. शार्लोटेनं शाळा सोडली.

तिला चित्रकला शिकायची होती. बर्लिनच्या सरकारी कलाशाळेत ज्यू विद्यार्थ्यांना दीड टक्क्याची मर्यादा होती, त्यातही वडील आघाडीवर लढलेले असले तरच विचार व्हायचा. तिला प्रवेश मिळाला. प्रवेश समितीच्या १९३६ च्या टिपणात कारण नोंदलेलं आहे: ही मुलगी इतकी संकोची आणि आपल्यातच राहणारी आहे, की तिच्यामुळे आर्य विद्यार्थ्यांना काही धोका संभवत नाही. ही नोंद वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. जे मौन तिला आतून कुरतडत होतं, तेच तिचं पात्रता-प्रमाणपत्र ठरलं. पुढे एका स्पर्धेत, चित्रांवर नावं नसताना, तिचं चित्र पहिलं आलं. चित्रकर्ती ज्यू आहे हे उघड झाल्यावर बक्षीस तिच्या हाती गेलं नाही, आणि तिनं शाळा सोडली.

याच सुमारास तिच्या आयुष्यात आल्फ्रेड वोल्फसोन आला. पाउलाकडे आवाजाचं शिक्षण द्यायला येणारा हा माणूस पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत राहून आला होता. मरणाऱ्या सैनिकांच्या आरोळ्या त्याच्या कानांतून वर्षानुवर्षं गेल्या नाहीत. त्या वेदनेतून त्यानं स्वतःचा एक सिद्धान्त बांधला: माणसाचा आवाज त्याच्या आतल्या भीतीशी जोडलेला असतो, बाहेर यायचं तर आधी स्वतःच्या आत, बालपणापर्यंत, उतरावं लागतं. मृतांच्या राज्यात गाण्याच्या बळावर उतरणारा ऑर्फेउस हा त्याचा आवडता नायक. या अबोल मुलीच्या चित्रांकडे गंभीरपणे बघणारा तो पहिला माणूस. ती त्याच्या प्रेमात पडली. त्याचं मन पाउलात गुंतलं होतं, निदान शार्लोटेनं रंगवलेल्या गोष्टीत तरी तसं आहे. पुढच्या शेकडो चित्रांत तोच माणूस बोलत राहतो, आणि बोलण्याला अंत नसतो.

नोव्हेंबर १९३८ मधल्या ज्यूंविरुद्धच्या देशव्यापी हिंसाचारात वडिलांना झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत नेलं. पाउलानं खटपटी करून त्यांना सोडवलं. जानेवारी १९३९ मध्ये एकवीस वर्षांच्या शार्लोटेला दक्षिण फ्रान्समध्ये आजी-आजोबांकडे पाठवलं गेलं. नीसजवळच्या व्हिलफ्रांश गावात ओटिली मूर या श्रीमंत अमेरिकन बाईंच्या बंगल्यात ते आश्रयाला होते. आईवडील मागाहून हॉलंडला गेले. बर्लिनमधला त्यांचा आणि तिचा निरोप शेवटचा ठरला.

समुद्र निळा होता, झाडांना संत्री होती, आणि आजी खचत चालली होती. युद्ध सुरू झाल्यावर आजीनं जीव देण्याचा प्रयत्न केला. शार्लोटे तिच्या उशाशी बसून राहिली. तिला उभारी यावी म्हणून बेठोफेनच्या नवव्या सिंफनीतलं आनंदगान गायली, चित्रांतून तिला जगण्याची बाजू दाखवत राहिली. मार्च १९४० मध्ये आजी गेली, तीही खिडकीतूनच. आणि त्या दिवसांत आजोबांनी नातीला सगळं सांगून टाकलं. मावशी. आई. आजीच्या माहेरची आणखी माणसं, एकामागून एक नावं. सांगण्यात माया नव्हती. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या पुढ्यात एका बैठकीत घराण्याचा हा सगळा हिशेब ठेवला गेला. त्याच उन्हाळ्यात फ्रान्सच्या सरकारनं जर्मन नागरिक म्हणून दोघांना पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या गुर्स छावणीत डांबलं. आजोबांचं वय आणि प्रकृती पाहून दोघांची सुटका झाली.

परतल्यावर ती कोसळण्याच्या बेतात होती. व्हिलफ्रांशचे डॉक्टर जॉर्ज मोरिदिस यांनी तिला चित्रं काढायला सांगितलं. तिच्यापुढे प्रश्न अगदी उघडा होता, आणि तिनं तो स्वतःच लिहून ठेवला आहे: घराण्याच्या वाटेनं जायचं, की काहीतरी वेडंवाकडं, अगदीच जगावेगळं हाती घ्यायचं. तिनं दुसरी वाट धरली. साँ-झाँ-काप-फेरा या गावात ‘ला बेल ओरोर’ नावाच्या छोट्या खानावळवजा हॉटेलात खोली घेतली आणि कामाला बसली. मालकीणबाईंनी पुढे सांगितलं, की ही मुलगी दिवसभर चित्रं काढायची आणि काढता काढता गुणगुणत असायची.

आता या कामाच्या बांधणीकडे जरा निगुतीनं बघायला हवं, कारण खरी नवलाई तिथे आहे.

रंग गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला मुलं पोस्टर कलर नेतात, त्याच जातीचा. तिच्याजवळ मूळ रंग तीनच: तांबडा, पिवळा, निळा, आणि सोबत पांढरा. सगळी ७६९ चित्रं या मिश्रणांतून आली आहेत. युद्धाच्या काळात कागद मिळणं अवघड होतं, त्यामुळे काही कागद दोन्ही बाजूंनी रंगवलेले आहेत. रंगांची ही काटकसर गरजेपोटी आली असेल, पण तिनं तिची भाषा केली. बालपणाची चित्रं बारीक, रंगीबेरंगी, तपशिलांनी भरलेली. दुःख आलं की निळा दाटतो. शेवटाकडे ब्रश धावू लागतो आणि तांबडा-पिवळा उघडे पडतात.

या कामाला तिनं ‘सिंगश्पील’ म्हटलं. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगायला नको, आपल्याकडे संगीत नाटक आहे. सुरुवातीला नाटकाच्या हॅण्डबिलासारखी पात्रांची यादी आहे. मग पूर्वरंग, मुख्य भाग आणि उत्तररंग. कोणत्या चित्राबरोबर कोणती चाल मनात वाजायला हवी, हे ती लिहिते. आईवडिलांच्या लग्नाला वेबरच्या ऑपेरातलं वधूच्या मुंडावळीचं गाणं आहे, इतर ठिकाणी कधी ‘कार्मेन’मधली चाल, कधी ग्लुकच्या ‘ऑर्फेउस’मधली, कधी बाख, कधी शूबर्ट, आणि नाझी रस्त्यावर येतात तेव्हा त्यांचं संचलनगीत. ही चित्रं कशी झाली ते ती प्रस्तावनेत सांगते: कुणीतरी समुद्रकाठी चित्र काढत बसलं आहे, एकाएकी एक चाल ओठांवर येते, ती कागदावरल्या चित्राला चपखल बसते आहे असं जाणवतं, मग शब्द सुचतात. पिंगुळीचे चित्रकथी सुटी चित्रं एकामागून एक धरून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतात, त्याची इथे सहज आठवण होते. फरक एवढाच, की चित्रकथ्यापुढे गाव बसलेलं असतं. शार्लोटे एकटी होती आणि प्रेक्षक कोण असेल हे तिला माहीत नव्हतं.

पात्रांची नावं तिनं बदलली आणि त्यात खट्याळपणाही केला. स्वतः शार्लोटे कान, सावत्र आई पाउलिन्का बिंबाम, आजी-आजोबा क्नारे, वोल्फसोन झाला आमाडेउस डाबरलोन. मजकुरात ‘मी’ जवळजवळ नाहीच. एक निवेदक आहे, तो शार्लोटेबद्दल ‘ती’ म्हणून बोलतो. स्वतःच्या आयुष्याकडे पिटात बसून बघायची सोय तिनं अशी करून घेतली. ज्या दुःखाला ‘माझं’ म्हणताना जीभ रेटत नाही, त्याला ‘तिचं’ म्हटलं की बोलता येतं. आपल्या बायकांनीही जात्यावर सीतेचं नाव घेऊन स्वतःचं किती सांगितलं असेल.

मानवाकृती ती कशी वापरते हे तर थक्क करणारं आहे. एकाच चित्रात घराचं छप्पर काढून वरून बघावं तशा चार-पाच खोल्या उघड्या दिसतात आणि प्रत्येक खोलीत तेच माणूस दिवसाच्या निरनिराळ्या वेळी असतं. आई-मुलीचा अंथरुणातला प्रसंग पुन्हापुन्हा येतो, जणू त्या गोष्टी किती रात्री सांगितल्या गेल्या ते मोजून दाखवायचं आहे. डाबरलोन बोलू लागला की कागदभर त्याची मुंडकीच मुंडकी, ओळीनं, आणि प्रत्येकाशेजारी त्याच्या वाक्याचा तुकडा. कुणाच्या तरी बोलण्यानं भारावून जाणं म्हणजे काय, हे यापेक्षा नेमकं कुणी रंगवलेलं मी पाहिलेलं नाही. आज ज्याला आपण ग्राफिक कादंबरी म्हणतो तिच्या कितीतरी युक्त्या इथे आहेत. सिनेमातला दूरचा आणि जवळचा शॉट इथे आहे. ती बर्लिनमध्ये शिकत होती तेव्हा जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकारांना सरकार ‘अधःपतित’ ठरवत होतं. १९३७ मध्ये म्युनिकला भरवलेलं त्यांच्या टवाळीचं प्रदर्शन पुढच्या वर्षी बर्लिनलाही आलं. शार्लोटेनं शेवटी ब्रश उचलला तो त्याच निंदिलेल्या वळणाचा.

आणि आता तो ट्रेसिंग पेपर. पूर्वरंगातल्या, म्हणजे बालपणाच्या आणि बर्लिनच्या, साधारण दोनशे चित्रांवर असे पारदर्शक कागद आहेत. चित्र खाली, शब्द वर. काही ठिकाणी मजकुराच्या ओळी खालच्या आकृतीच्या कडेनं वळतात, काही ठिकाणी माणसांच्या अंगावरून जातात. मला वाटतं, त्या घराचं याहून खरं चित्र काढता आलं नसतं. घडलेलं एका कागदावर, बोललेलं दुसऱ्यावर, आणि दोन्हींमध्ये एक पातळ पडदा. आजूबाजूची मोठी माणसं ‘इन्फ्लुएन्झा’ म्हणाली तेव्हा त्यांनी हेच केलं होतं. मुलांना पडद्यामागची आकृती पुसट दिसत असते, तिचं नाव तेवढं माहीत नसतं.

पुढे मुख्य भागात हे ट्रेसिंग पेपर नाहीसे होतात. शब्द थेट रंगांवर येतात, माणसांच्या शेजारी, वर, खाली, जागा मिळेल तिथे. उत्तररंगात, आजीच्या मृत्यूपाशी आणि आजोबांच्या त्या सांगण्यापाशी आपण पोचतो तेव्हा अक्षरं चित्राएवढीच मोठी झालेली असतात. अखेरची काही पानं तर नुसत्या रंगवलेल्या अक्षरांची आहेत. वेळ कमी होता, कागद कमी होता, हे कारण आहेच. जर्मन फौजा कधीही येतील हे दिसत होतं. पण काम पहिल्या चित्रापासून क्रमानं बघत गेलं की आणखी एक गोष्ट घडताना दिसते: दिसणं आणि बोलणं यांच्यातला कागद ती काढून टाकते आहे. जे तिला कधी सांगितलं गेलं नव्हतं ते ती आता रंगात बुडवलेल्या ब्रशनं, ठळक अक्षरांत, स्वतः लिहिते आहे.

‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२ साली ब्रिटनमध्ये एड्रियन हिल या चित्रकारानं रूढ केला. क्षयाच्या रुग्णालयात असताना चित्रकलेनं आपल्याला सावरलं हा त्याचा अनुभव होता. ज्या वर्षी त्याला हा शब्द सुचला, त्याच वर्षी दक्षिण फ्रान्समधल्या एका खोलीत शार्लोटे आपलं काम पुरं करत होती. म्हणून तिच्या कामाला उपचाराचा नमुना म्हणून पुढे करण्याचा मोह होतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती रंगांकडे वळली हे खरंच आहे, आणि त्या डॉक्टरांचे उपकार मोठे आहेत. तरीही या चित्रांना केसपेपर समजून वाचणं मला मान्य नाही. तेराशेंतून ७६९ निवडणं, क्रम लावणं, चाली ठरवणं, पात्रांना टोपणनावं देणं, आजोबांना आणि स्वतःलाही न सोडणं, हे शिकलेल्या, विचार करणाऱ्या कलावंताचं काम आहे. मनातलं ओकून टाकलं की माणूस हलका होतो असं आपण म्हणतो. तिनं ओकलं नाही, रचलं. रचताना तिला प्रत्येक माणसाच्या जागी जाऊन उभं राहावं लागलं, जीव देणाऱ्या आईच्या जागीसुद्धा, आणि तिथून परत यावं लागलं. वोल्फसोनचा ऑर्फेउस तिनं प्रत्यक्षात उतरवला तो असा.

काम संपल्यावर तिनं सगळे कागद बांधले आणि डॉक्टर मोरिदिस यांच्या हवाली केले. हे नीट सांभाळा, यात माझं अवघं आयुष्य आहे, अशा अर्थाचं काही ती म्हणाली. गठ्ठा ओटिली मूर यांना अर्पण केलेला होता. त्या तोवर अमेरिकेला गेल्या होत्या.

फेब्रुवारी १९४३ मध्ये आजोबा वारले. त्याच महिन्यातलं शार्लोटेचं एक लांबलचक पत्रही मागे राहिलं आहे, तेही ब्रशनं लिहिलेलं. त्यातला काही भाग कितीतरी वर्षं बाहेर येऊ दिला गेला नाही. फ्रान्स वाइस या डच दिग्दर्शकाच्या २०१२ मधल्या माहितीपटातून तो लोकांसमोर आला: आजोबांना आपण विष दिलं, असं ती त्यात लिहिते. हे घडलेलं आहे की ‘आयुष्य की नाटक’चाच आणखी एक प्रवेश, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मी निवाडा करत नाही. पण सगळं उघड मांडणाऱ्या या मुलीच्या मागेसुद्धा पुन्हा एक ट्रेसिंग पेपर पसरला गेला, हे मनाला लागतं.

जून १९४३ मध्ये तिनं अलेक्झांडर नागलर या ऑस्ट्रियन निर्वासिताशी नीसमध्ये लग्न केलं. तोपर्यंत त्या भागाचा ताबा इटलीकडे होता आणि इटालियन अधिकारी ज्यूंना जर्मनांच्या हवाली करत नव्हते. सप्टेंबरात इटलीनं शस्त्रं ठेवली, जर्मन आले, नाझींच्या एसएस दलाचा अधिकारी आलोइस ब्रुनर नीसमध्ये उतरला आणि धरपकड सुरू झाली. शार्लोटे आणि अलेक्झांडर त्या महिन्याच्या अखेरीस पकडले गेले. पॅरिसजवळच्या द्रांसी छावणीतून ७ ऑक्टोबर १९४३ ला निघालेली गाडी तीन दिवसांनी आउशविट्झला पोचली. शार्लोटे सव्वीस वर्षांची होती आणि पाच महिन्यांची गरोदर. बहुधा पोचल्या दिवशीच तिला मारलं गेलं. अलेक्झांडर काही महिन्यांत गेला.

आल्बेर्ट आणि पाउला वाचले. हॉलंडमध्ये त्यांना वेस्टरबोर्क छावणीत ठेवलं होतं. तिथून ते निसटले आणि युद्ध संपेपर्यंत लपून राहिले. मुलीचा काही मागमूस लागतो का हे बघायला १९४७ मध्ये ते दोघं व्हिलफ्रांशला गेले. डॉक्टर मोरिदिस यांनी जपलेला गठ्ठा तोवर परतलेल्या ओटिली मूर यांच्याकडे पोचला होता. त्यांनी तो आईवडिलांच्या हातात दिला. या चित्रांचं काय करायचं हे त्यांना बरीच वर्षं उमगेना. ॲन फ्रँकचे वडील ऑटो फ्रँक त्यांच्या ओळखीचे होते. त्यांनीही ती पाहिली. १९६१ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या फोडोर संग्रहालयात त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं. १९७१ मध्ये आल्बेर्ट आणि पाउला यांनी सगळं काम तिथल्या ज्यू ऐतिहासिक संग्रहालयाला दिलं. पुढे त्यावर चरित्रं, चित्रपट, कादंबरी, ऑपेरा असं पुष्कळ झालं. संग्रहालयानं ही चित्रं इंटरनेटवर खुली केली आहेत, त्यामुळे आता कुणालाही घरबसल्या बघता येतात. निदान एकदा, पहिल्यापासून, क्रमानं बघा.

गठ्ठा उघडणारा बाप तोच होता, ज्यानं क्ष-किरणांच्या काचा उजेडापुढे धरण्यात तारुण्य घालवलं होतं आणि ज्याच्या घरात मुलीला इन्फ्लुएन्झा सांगितला गेला होता. आता त्याच्या हातात ट्रेसिंग पेपर होते. एक उचलला की खाली मेहुणी चालताना दिसत होती, दुसरा उचलला की बायको. मुलीला सगळं माहीत होतं हे त्याला चित्रांतून कळलं. विचारायला मुलगीच नव्हती.

गठ्ठ्यातल्या शेवटच्या चित्रावर ट्रेसिंग पेपर नाही. किनाऱ्यावर पोहण्याच्या पोशाखात एक मुलगी पाठमोरी बसली आहे. उघड्या पाठीवर नाटकाचं नाव लिहिलेलं आहे. तिच्या एका हातात ब्रश आहे आणि समोर धरलेला कागद रिकामा, पारदर्शक आहे. त्याच्यातून निळा समुद्र आरपार दिसतो.